उद्घाटन झालेला कप्पा

"हे कुणाला खरं वाटणार नाही," मी म्हणालो. "आणि तुम्हाला वाटलंच, घेवडे, तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल."

घेवडे आमच्या ओसरीवर मांडी घालून बसले होते. जन्मभर एसटीत कंडक्टर, निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलेले. मांडीवर मुलाचा लॅपटॉप. मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं होतं, की अण्णांकडे जा आणि मशीनवर रिकव्हरी पार्टिशन करून घ्या. निरोप त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतला होता आणि चिठ्ठी घरी विसरले होते. मुलाला परत फोन लावून निरोप मीच ऐकला.

"पण ते करायचं कशाला?" घेवडे म्हणाले. "चांगलं चालतंय की."

"तुमची गाडीसुद्धा चांगली चालायची ना? मग स्टेपनी कशाला नेत होता?"

"पंक्चर झाली तर."

"झालं तर मग. मशीनच्या पोटात एक डिस्क असते, ती कपाट समजा. त्यातला एक कप्पा आपण वेगळा काढायचा. त्यात आख्ख्या कपाटाची, आज आहे तशी, नक्कल ठेवायची. आणि कप्पा असा बंद करायचा की कपाट उघडणाऱ्याला तो दिसूच नये. उद्या मशीन मेलं, तर चालू करताना एक बटण दाबायचं. नक्कल बाहेर येते आणि मशीन त्या दिवशी होतं तसं पुन्हा उभं राहतं."

"त्या दिवशी होतं तसं? आणि मधल्या दिवसांचं काय?"

"गेलं. म्हणून नक्कल अधूनमधून ताजी करायची असते. एसटीतल्या माणसाला जे चटकन सुचलं, ते कुंभेवाडीच्या आख्ख्या संचालक मंडळाला सुचलं नाही."

आत आमची ही ताक घुसळत होती. रवीचा आवाज एका लयीत चालला होता. मी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सुरुवात केली.

त्या काळी तालुक्यात संगणक दुरुस्त करणारा मी एकटा. दुसरा एक होता, पण तो मशीन उघडायचा आणि ते मिटवायला मला बोलावायचा. कुंभेवाडीच्या दूध संस्थेनं नवा संगणक घेतला आणि तो बसवायला मी गेलो. चेअरमन होते भाऊसाहेब थोरबोले. हा माणूस उद्घाटनासाठीच जन्माला आला होता. गावातल्या हातपंपाचं त्यांनी दोनदा उद्घाटन केलं होतं; एकदा पंप बसवला तेव्हा आणि एकदा त्याला पाणी येऊ लागलं तेव्हा.

संगणक आल्या आल्या त्यांनी संस्थेच्या दारावर 'तालुक्यातील पहिली कागदमुक्त संस्था' असा फलक लावला आणि सगळं जुनं दप्तर रद्दीत घातलं. त्यानंतर बरेच दिवस आठवडी बाजारात भेळ संपली की कागदावर सभासदांची नावं निघायची. सभासद कोण, कुणाची म्हैस, कुणाची गाय, सगळं आता त्या एका डब्यात. मला घाम फुटला. म्हटलं, राखीव कप्पा केल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

भाऊसाहेबांना कल्पना फार आवडली. "बेस. उद्घाटन कधी करायचं?"

"कशाचं?"

"कप्प्याचं."

"अहो, तो दिसत नाही."

"दिसत नाही म्हंजे? संस्थेनं केलेली वस्तू दिसत नाही?"

"तो लपवलेलाच असतो."

"कुणापासनं?"

"सगळ्यांपासून. तुमच्यापासूनसुद्धा."

हे त्यांना फार लागलं. ज्या गावात त्यांच्यापासून काही लपत नाही असं ते समजत, त्या गावात त्यांच्याच कचेरीत एक जागा त्यांना दिसणार नव्हती. त्यांनी मला दोनदा डबा उघडायला लावला, बॅटरी मारून आत बघितलं, आणि म्हणाले, "ठीक. दिसत नसंल तर दिसंल असं करू."

मग संगणकाला लाल फीत बांधली. फीत कापली. नारळ फोडला तो टेबलाच्या कडेवर, आणि पाणी डब्यात जाऊ नये म्हणून मी माझा नवा रुमाल बळी दिला. संगमरवरी फरशी डब्याला चिकटवायची असा त्यांचा हट्ट होता. फरशीच्या वजनानं टेबल मोडेल हे पटायला अर्धी दुपार गेली. शेवटी पितळी पाटीवर भागलं: 'राखीव कप्पा. उद्घाटक मा. भाऊसाहेब थोरबोले.' फेटा बांधलेला त्यांचा फोटो मला पडद्यावर लावायला लावला, आणि मग मी नक्कल घेतली. म्हणजे कप्प्यात जे गेलं, ते फेट्यासकट गेलं.

"आता महिन्यातून एकदा मी येईन," मी म्हणालो. "जुनी नक्कल काढून नवी ठेवीन."

"माझ्या हातानं उद्घाटन झालेल्या वस्तूत तुम्ही परत हात घालणार?"

"घालावाच लागतो."

"देवळाला कळस चढवल्यावर तो दर महिन्याला उतरवून बघता काय?"

संचालक मंडळ हसलं. त्या मंडळाला पगार नव्हता, पण हसायचं काम कायम होतं. कप्प्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, असं तिथंच ठरलं.

ठरलं म्हणजे ठराव आला. संस्थेचे सचिव पिसाळ. या गृहस्थांनी आयुष्यात एकही नवं वाक्य लिहिलं नव्हतं. वजनकाट्याबद्दलचा एक जुना ठराव त्यांच्याकडे होता: मापात वाद झाल्यास संस्थेच्या काट्याचा निकाल अंतिम व सर्वांवर बंधनकारक राहील. त्यांनी माप काढून संगणक घातला आणि काटा काढून कप्पा घातला. संगणकात बिघाड झाल्यास राखीव कप्प्यातील माहिती अंतिम व सर्वांवर बंधनकारक राहील. सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलं. पाठीमागं जिलेबी तळणं चाललं होतं. "मंजूर, मंजूर!" पितळी पाटीवर खाली जागा उरली होती, तिथं हा ठरावही कोरून घेतला.

"इथवर खरं वाटतंय," घेवडे म्हणाले.

"इथवर खरंच आहे. तुम्ही घाई करू नका."

पुढं निवडणूक झाली आणि भाऊसाहेब पडले. त्यांना पाडलं त्यांच्याच चुलतभावानं, जालंदर आबांनी. भाऊसाहेब नुसते मूर्ख होते. त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. जालंदर आबा मूर्ख होते आणि वर कावेबाज होते. त्यांच्या कारकिर्दीत एक चमत्कार घडला. त्यांच्या गाईच्या दुधाला गावात सगळ्यांत जास्त फॅट लागू लागलं. गाय तीच, बांध तोच, फक्त मालक चेअरमन झाला होता.

सगळ्या गावाला हे दिसत होतं. बोलली ती एकटी अंजिरा.

आतला रवीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

अंजिरा म्हणजे विधवा बाई. नवरा साप चावून गेलेला, मागं दोन म्हशी ठेवून. त्या म्हशींवर तिचं घर चालायचं. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संस्थेत यायची, दूध घालायची, कुणाच्या अध्यात नाही. पण तोंडानं फटकळ. इतकी फटकळ, की तिच्याशी बोलायचं म्हणजे माणसानं आधी घरी सांगून यावं.

रवी जरा जोरात फिरू लागली.

सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "चेअरमन, माझी म्हस आन् तुमची गाय एकाच बांधाला चरत्यात. तुमच्या गाईला एवढं फॅट कुठनं? चरून घरी गेल्यावर काजू खाती काय?"

लोक हसले. जालंदर आबाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं किटली काट्यावर ठेवली, तर दूध मोजणारा म्हणाला, "मावशी, यंत्र तुमचं नाव घेत न्हाई."

"घेत न्हाई म्हंजे?"

"सभासद न्हाई म्हणतंय."

"काल हुते की."

"काल हुता. आज न्हाई."

पिसाळांनी आदल्या संध्याकाळी आबांच्या सांगण्यावरून नाव पुसलं होतं. कागद तर भेळेत गेलेले. बाई सभासद होती याचा जगात दुसरा पुरावा नव्हता. ती भरली किटली घेऊन घरी गेली. गावात एक खाजगी गवळी होता, तो दुधाचा भाव दूध बघून ठरवत नसे, बाईचं तोंड बघून ठरवायचा. थोड्याच दिवसांत एक म्हैस बाजारात न्यायची वेळ तिच्यावर आली.

तेव्हा ती माझ्या दुकानात आली. किटली माझ्या टेबलावर दाणकन ठेवली, तिथं मी एकाचा कीबोर्ड उघडून ठेवला होता.

"तुमच्या यंत्रातनं माझं नाव गेलं. तुम्हीच परत घाला."

"बाई, यंत्र संस्थेचं. पासवर्ड पिसाळांकडे. मी कसं घालणार?"

"मग बसवलं कशाला असलं यंत्र? माणूस खोटं बोलला तर त्याच्या तोंडाकडं बघून कळतं तरी. ह्याला तोंडबी न्हाई."

मला पहिल्यांदाच कुणीतरी संगणकाबद्दल शहाणपणाचं काही बोललेलं ऐकू आलं. मी तिला बसायला खुर्ची दिली.

"आता हे कशाला सांगताय?" घेवडे म्हणाले.

"कारण दुकानात खुर्ची एकच होती. मी उभा राहिलो."

मी तिला सांगितलं, "बाई, तुमचं नाव अजून आहे. राखीव कप्प्यात आहे. भाऊसाहेबांच्या वेळेस जे जे सभासद होते ते सगळे तिथं आहेत."

"मग काढा की भाईर."

"मशीन बिघडल्याशिवाय तो कप्पा उघडता येत नाही. तसा ठराव आहे."

"मग बिघडंल की कवातरी."

"कठीण आहे," मी म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानानं म्हणालो. "मी बसवलंय ते. माझं मशीन बिघडत नाही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला पहिल्यांदा माझ्या हुशारीची शरम वाटली. किटली उचलली आणि गेली.

थोड्याच दिवसांनी वार्षिक सभा आली. विषयपत्रिकेत जालंदर आबांनी एक नवा विषय घुसवला होता: एकदा नाव गेलेल्या इसमास पुन्हा सभासद करून घेऊ नये. इसम म्हणजे अंजिरा, हे कुत्र्यालाही कळत होतं. हा ठराव झाला असता तर तिला कुंभेवाडीत दूध घालायला जागा राहिली नसती आणि म्हशी ठेवायला कारण राहिलं नसतं.

सभेला मलाही बोलावलं होतं. आबांना संस्थेची प्रगती पडद्यावर दाखवायची होती. पेंडॉलमध्ये चादरीएवढा पडदा लावला होता आणि वायर कचेरीतून ओढली होती. कचेरीत मी, पिसाळ आणि संगणक. निबंधक कचेरीतून कदम बाई आल्या होत्या, त्या बाहेर व्यासपीठावर. चेहरा असा, की त्यांनी अशा सभा इतक्या बघितल्या होत्या की आता त्यांना फक्त चहा किती पांचट येतो एवढंच बघायचं उरलं होतं. अंजिराला पेंडॉलच्या दारात अडवलं होतं. सभासद नाही म्हणून. ती सकाळचं दूध तसंच घेऊन आली होती. किटली हातात धरून कचेरीच्या दाराशी उभी राहिली. पण तिची पाठ आमच्याकडे होती आणि लक्ष सगळं पेंडॉलकडे.

पिसाळ घाईघाईनं आणखी काही नावं पुसत होते. आबांच्या जावयाचं आणि सालगड्यांची नावं घालत होते. मतं पक्की करायची होती ना. शेवटी 'सेव्ह' केलं. डबा घुरघुरू लागला.

तेवढ्यात उंदीर आला.

"कुठनं?" घेवडे म्हणाले.

"कुठनं म्हणजे? दूध संस्थेत उंदीर कुठनं येतो? तिथलाच. पिढ्यान्‌पिढ्या साय खाऊन पोसलेला. मांजर समोरून आलं तर ते भिंतीला लागून उभं राहायचं आणि याला वाट द्यायचं. असा तो उंदीर टेबलाखाली शिरला. यूपीएस हुंगला, आवडला नाही. प्रिंटरची वायर चाखून बघितली, सोडली. आणि डब्याची वायर बरोबर निवडून एका घासात तोडली."

"बरोबर 'सेव्ह' चाललेलं असताना?"

"उंदराला वेळेची कदर असते. संचालक मंडळाला नसते."

घेवड्यांनी मान तिरकी केली. जन्मभर खोटे पास बघितलेला माणूस. "वायर तोडली, तर मशीन परत चालू कसं झालं?"

"माझ्या खिशात दुसरी वायर होती."

"खिशात?"

"डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तेव्हा विचारता का तुम्ही? तिकिटाचं मशीन तुम्ही झोपताना उशाशी घ्यायचा, असं तुमची बायको सांगते."

मी पुढं निघालो.

नवी वायर लावली, बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: सिस्टीम सापडत नाही. ऐन लिहिण्याच्या वेळेस वीज गेली की असंच होतं. पिसाळांनी हंबरडा फोडला. जालंदर आबा धावत आले. मागोमाग कदम बाई आल्या, हातात चहाची कपबशी.

"सभासद कोण कोण आहेत ते कशावरून बघायचं?" बाईंनी विचारलं.

"ह्याच्यातच हुतं," आबा म्हणाले.

"कागदावर?"

पिसाळ खाली बघून म्हणाले, "आम्ही कागदमुक्त आहोत."

बाईंनी एक घोट घेतला. तेवढ्यात त्यांची नजर पितळी पाटीवर गेली. पाटी दर दसऱ्याला चिंचेनं घासत असत, त्यामुळे लखलखीत होती. बाईंनी ती मोठ्यानं वाचली. राखीव कप्प्यातील माहिती अंतिम व सर्वांवर बंधनकारक राहील.

"हा ठराव तुमचाच ना?"

"जुना हाय तो, बाई," आबा म्हणाले. "भाऊसाहेबाच्या टायमाचा."

"रद्द केलात का?"

"न्हाई."

"मग लागू आहे."

"मग आत्ता रद्द करतो. सभा हायेच की."

"करा. पण मत कोण देणार? सभासद. आणि सभासद कोण, ते हा कप्पा सांगणार." बाईंनी कपबशी संगणकावर ठेवली, ती मी लगेच उचलली. "उघडा तो."

मी बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तुम्हाला सांगतो, घेवडे, त्या डब्यातून नारळाच्या पाण्याचा वास आला. इतक्या दिवसांनी. पिसाळांनी हात जोडले. आबा म्हणत होते, "थांबवा, थांबवा," आणि मी म्हणत होतो, "मध्येच थांबवलं तर चेअरमनचं नावसुद्धा जाईल." ही शुद्ध थाप होती. पण ते थांबले.

पट्टी भरली. संगणक उठला. आणि बाहेर पेंडॉलमध्ये, चादरीएवढ्या पडद्यावर, प्रगतीच्या जागी भाऊसाहेब थोरबोले अवतरले. फेट्यासकट. एकेक मिशी हाताएवढी.

सभा उभी राहिली. शेवटच्या रांगेत खरे भाऊसाहेब शेंगा सोलत बसले होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, टरफलं झटकली, चालत व्यासपीठावर आले आणि चेअरमनच्या खुर्चीत बसले. आबा धावत आले तर खुर्ची भरलेली. मग तेही त्याच खुर्चीत बसले. अर्धे.

"उठ, जालंदर. यंत्रानं मला चेअरमन केलंय."

"यंत्राला काय कळतंय!"

"तुझ्या गाईचं फॅट कळत हुतं तेव्हा न्हाई म्हणालास ते."

कदम बाईंनी निकाल दिला. निवडणूक त्यांच्या कचेरीनं घेतलेली, त्यामुळे चेअरमन जालंदर थोरबोले हेच. खुर्ची त्यांची. भाऊसाहेब उठले, पण पडद्यावरचे भाऊसाहेब कुणाला काढता येईनात, कारण त्यांचा फोटो काढायचा पासवर्ड जुना होता आणि पिसाळ तो विसरले होते. सभासद मात्र कप्प्यातले धरायचे. बाईंनी पुकारा सुरू केला.

आबांचा जावई कप्प्यात नव्हता. सालगडी नव्हते. त्यांना पेंडॉलबाहेर जावं लागलं, आणि जाताना ते जिलेबीकडे बघत गेले. बाईंनी "महिपती रामा थोरबोले" असं पुकारलं. महिपती मरून वर्ष झालं होतं, पण कप्प्याला काय ठाऊक. तरी मागून कुणीतरी "हजर!" म्हणालं. सवय. महिपती जिवंत असताना पण तोच म्हणायचा.

मग नाव आलं: "अंजिरा यशवंत शेळके."

ती दारातून आत आली. किटली घेऊनच. सगळ्या पेंडॉलमधून चालत पुढं आली आणि पहिल्या रांगेत, संचालकांच्या बायकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली.

नाव गेलेल्यांना परत घेऊ नये, हा ठराव मतांना टाकला. पडला. मग अंजिरा उभी राहिली आणि म्हणाली, "मागल्या सभेला मी एक प्रश्न इचारला हुता. त्याचं उत्तर ऱ्हायलंय. चेअरमनच्या गाईचं दूध हितं, समद्यांच्या म्होरं मोजा."

आबा म्हणाले, गाय आज आजारी आहे. भाऊसाहेब म्हणाले, आत्ताच धार काढून झालीय, मी कासंडी बघितलीय. भावकी असली की एवढा उपयोग असतो. दूध आणलं, यंत्रात घातलं. यंत्रानं इतकं कमी फॅट दाखवलं, की पिसाळांनी ते वाचायला दुसऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मोजणारा तिला म्हणाला, "मावशी, घेतंय हो नाव." आणि विकायला काढलेल्या म्हशीचं दावं तिनं परत खुंट्याला बांधलं.

मी थांबलो. घेवड्यांनी लॅपटॉप मांडीवरून उचलून माझ्या पुढ्यात ठेवला.

"करून टाका हो ह्याच्यात पण तो कप्पा," ते म्हणाले. "पण अण्णा, मला एक कळत नाही. सगळं पटतंय. फेटा पटतोय, एका खुर्चीतले दोन चेअरमन पटतायत. उंदीर नाही पटत."

"का? उंदरानं तुमचं काय केलंय?"

"एवढी साय खाणारा उंदीर वायर कशाला खाईल?"

"उलटतपासणी घेताय काय? सांगितलं ना, उंदीर होता. वायर तोडली आणि भिंतीच्या बिळात पळाला. मी डोळ्यांनी बघितलं."

"आणि ती अंजिरा? तिचं पुढं काय झालं?"

आतला रवीचा आवाज कधी थांबला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तिचं काय व्हायचंय," मी म्हणालो. "पुढं तिनं कुणातरी रिकामटेकड्या माणसाशी दुसरं लग्न केलं म्हणे. बाईला अक्कल होती, पण नवरा निवडताना ती कुठं गेली कुणास ठाऊक."

ही बाहेर आली. दोन्ही हातांत ताकाचे पेले. एक घेवड्यांपुढं ठेवला. दुसरा माझ्यापुढं ठेवायला वाकली, आणि न ठेवता तशीच उभी राहिली.

"घ्या, भावजी," ती घेवड्यांना म्हणाली. "तुम्हाला मी सुमन म्हणून ठाऊक. ते नाव लग्नात ह्यांनी ठेवलं. त्याच्या आधीचं नाव तुम्ही आत्ता ऐकलंत."

घेवड्यांचा पेला तोंडापाशी राहिला.

"आणि माझी पाठ नव्हती तिकडं. मी सगळं बघत होते. उंदीरबिंदीर काही नव्हता. वायर ह्यांनी पायानं उपटली. आणि वर मला विचारतात कसे, 'बाई, आत्ता इथून उंदीर गेला, तुम्ही बघितलात ना?'"

"मग तुम्ही काय म्हणालात, वहिनी?"

"म्हटलं, बघितला की. चांगला चष्मा लावलेला होता."